जैसे थे

यशरा सरखोत न्यायाधीशांना अर्थशास्त्र शिकवते, असं म्हसळ्यात कुणाला सांगितलं की आधी हसू येई. तिचे वडील हमीदभाई कुवेतहून परतल्यावर हार्डवेअरचं दुकान टाकून बसले होते. एखादं गिऱ्हाईक विचारी, "हमीदभाई, न्यायाधीशांना कोण शिकवणार? ते तर सगळ्यांच्या वरचे." हमीदभाई खिळे तोलता तोलता म्हणत, "ती मला लहानपणापासून शिकवतेय. मी ऐकतो, तर ते का नाही ऐकणार?"

यशरा छत्तीस वर्षांची होती. मुंबईच्या एका संस्थेत ती अर्थशास्त्र आणि कायद्याची धोरणं हा विषय शिकवायची. ही संस्था वर्षातून दोनदा न्यायाधीशांसाठी पाच दिवसांचा निवासी वर्ग भरवते. त्या जानेवारीतला वर्ग किहीमला होता. नारळीच्या वाडीत दहा-बारा कॉटेज, मधे एक लांब हॉल आणि वाडीच्या कुंपणापलीकडे वाळू. राज्यभरातून बावीस न्यायाधीश आले होते. काहींच्या नेमणुकीला दोन वर्षंही झाली नव्हती, काहींच्या हाताखालून हजारो निकाल गेले होते.

पहिल्याच तासाला, यशरानं मागणी-पुरवठ्याचा म सुद्धा काढायच्या आधी, पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. जिल्हा न्यायाधीश गुणाजी पालव. मूळचे कणकवलीकडचे, बावन्न वर्षांचे, उंच आणि सावकाश बोलणारे. आवाज न चढवता बोलणारा माणूस म्हणून बाकीचे सगळे त्यांना मान देत.

"मॅडम, एक शंका आहे," पालव म्हणाले. "बाजारात प्रत्येक गोष्टीला भाव असतो. तो नसलेली एखादी जागा असावी म्हणून तर कोर्ट आहे. मग आम्हाला हे शास्त्र कशासाठी?"

हॉलमध्ये दोन-तीन माना डोलल्या. यशराला हा प्रश्न नवा नव्हता, पण इतक्या नीटसपणे तो तिला कुणी विचारला नव्हता.

"सर, न्यायाला भाव लावा असं मी सांगणारच नाहीये," ती म्हणाली. "पण तुमच्या प्रत्येक हुकमाची किंमत कुणीतरी मोजत असतं. ती कोण मोजतं, एवढं बघायची सवय लागली तरी माझे पाच दिवस वसूल. आता मी एक विचारते. एका तारखेची किंमत किती?"

"तहकुबीचा खर्च आम्ही लावतो की," मागून कुणीतरी म्हणालं. "दोनशे, पाचशे."

किशोरी नावाची एक तरुण न्यायाधीश उभी राहिली. तिची ही दुसरीच नेमणूक. "मॅडम, माझ्या बोर्डावर रोज सत्तर प्रकरणं असतात. दहा ऐकून होतात. उरलेल्या साठ जणांना तारीख द्यावीच लागते. आम्ही ती हौसेनं देत नाही."

"मान्य आहे. देऊ नका असं मी म्हणत नाही. घेणाऱ्याला ती केवढ्याला पडते, एवढंच विचारतेय."

मग पालवच म्हणाले, "तुम्ही स्वतः कधी तारखेला उभ्या राहिला आहात, मॅडम?"

"नाही सर. पण तुम्हीही उभे नाही राहिलात. तुम्ही बसलात."

सगळा हॉल हसला. पालवही हसले.

"म्हणून परवा आपण सगळेच जाणार आहोत," यशरा म्हणाली आणि तिनं योजना सांगितली. न्यायाधीशांच्या दोन-दोनच्या अकरा जोड्या. प्रत्येक जोडीसोबत असा एक पक्षकार, ज्याचं प्रकरण अपिलासकट संपलेलं आहे आणि जो आपखुशीनं यायला तयार आहे. त्याच्या गावातून एसटीनं निघायचं, तो ज्या कोर्टात जायचा त्याच्या फाटकापर्यंत जायचं. आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर बसायचं, पुकारा होईपर्यंत. पुकारा कधी होणार ते बंद पाकिटात लिहिलेलं असेल आणि पाकीट संस्थेच्या माणसाजवळ राहील. सरकारी गाडी नाही, शिपाई नाही, मोबाईल नाही.

कुरकुर झाली. हे शोभतं का, कुणी ओळखलं तर काय, मणक्याचं दुखणं आहे. यशरानं प्रत्येकाला उत्तर दिलं. परवानगी वरून आली होती, दुखणेकऱ्यांसाठी जवळचे रस्ते काढले होते, आणि ओळखलं तर सांगायचं की शिकायला आलोय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. चहाच्या सुट्टीपर्यंत सगळे तयार झाले होते. काहींना तर सहलीला निघाल्यासारखं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरीचा कागद यशराच्या हातात आला आणि ती थबकली. त्यावरची एक सही तिनं आधी पाहिली होती. पहिलं अक्षर गोल, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या काठापर्यंत गेलेली. तिनं खोलीत जाऊन एका प्रकरणाचा रोजनामा काढला. रोजनामा म्हणजे कोर्टात त्या त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, खाली न्यायाधीशांची सही. उद्या पालवांच्या जोडीला दिलेलं, नीराबाई या कोळिणीचं प्रकरण होतं, अकरा वर्षं आणि चौसष्ट तारखा चाललेलं. त्यातल्या तीन वर्षांत, चौदा तारखांखाली तीच लांब शेपटीची सही होती.

यशरा बराच वेळ तो कागद घेऊन बसली. ही जोडी बदलून टाकणं सोपं होतं, कुणाला काही कळलंही नसतं. न सांगता पालवांना त्याच बाईसमोर नेऊन बसवणं त्याहून सोपं होतं, आणि वर्गात त्याचा परिणामही जबरदस्त झाला असता. पण तसं करणं म्हणजे माणसाला सापळ्यात पकडणं, आणि पकडलेला माणूस शिकत नाही, सुटायला बघतो. ती उठली आणि पालवांना शोधायला गेली.

ते किनाऱ्यावर एकटेच चालत होते. ओहोटी होती. यशरानं सरळच सांगितलं.

"सर, उद्याच्या प्रकरणांपैकी एकात चौदा तारखा तुमच्या आहेत. मला आज कळलं. तुम्ही म्हणाल तर तुम्हाला दुसऱ्या रस्त्यावर घालते."

पालवांनी रोजनामा हातात घेतला, चष्मा वर सरकवून वाचला. "नीराबाई," ते म्हणाले. "नाव आठवत नाही. बोंबील सुकवायच्या जागेचा दावा होता का? हां. मुंबईच्या कुणीतरी शेजारची जमीन घेतली होती, आणि ही जागाही माझ्याच खरेदीत आहे म्हणाला होता. मी तेव्हा नवीन होतो. तिथं मी जैसे थे दिलं होतं."

"हो."

"त्यात चूक काय होती?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, खरोखरच विचारत होते. "मनाई दिली असती तर बाईचं नुकसान, नाकारली असती तर त्याचं. जैसे थे दिलं की निकालापर्यंत दोघंही सुरक्षित. मी तर माझ्या हाताखालच्या नव्या न्यायाधीशांना हेच सांगतो."

"चूक होती असं मी म्हणत नाही सर. मला माहीत नाही. ते तिलाच माहीत."

पालवांनी कागद परत दिला. "मी त्याच रस्त्यानं जाईन," ते म्हणाले. "माझ्याबरोबर किशोरीला द्या. तिला अजून पुष्कळ वर्षं काढायचीत."

नवेबंदर हे खाडीच्या तोंडावरचं लहानसं कोळ्यांचं गाव. सकाळी सातला यशरा, पालव आणि किशोरी तिथल्या एसटीच्या थांब्यावर उभे होते. नीराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, काटक बाई, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, अंगावर स्वच्छ धुतलेलं लुगडं आणि केसांत अबोलीचा गजरा.

"कोर्टात जायचं म्हंजे मी फुलं माळूनच जायची," त्यांनी किशोरीला सांगितलं. "रडवं तोंड घेऊन गेलं तर समोरच्याला वाटतं ही हरली."

सात दहाची गाडी आलीच नाही. नीराबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. आठची आली, तीत उभं राहायला जागा मिळाली. फाट्यावर उतरून तालुक्याची गाडी धरायची होती. ती डोळ्यांसमोरून निघून गेली. पुढच्या गाडीला पाऊण तास. पालव दोन्ही हात मागे बांधून झाडाखाली उभे राहिले. किशोरीनं दोनदा रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ ती मोबाईलमध्येच बघायची.

"दर खेपेला असंच?" तिनं विचारलं.

"न्हाय, न्हाय. कदी कदी पैली गाडी येते," नीराबाई म्हणाल्या. "मंग लवकर पोचून तिथं बसायचं."

कोर्टाच्या फाटकासमोर पोचायला त्यांना पावणेअकरा झाले. समोर चहाची टपरी होती, तिच्या आडोशाला दोन बाकं. ती बाकं गच्च भरलेली होती. लेकराला मांडीवर घेतलेली एक बाई, पिशवीत कागद घेऊन आलेले दोन भाऊ एकमेकांशी न बोलता बसलेले, डबा सोडून जेवायला लागलेला एक म्हातारा. आतून शिपायाचा आवाज यायचा, कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं आणि बाकांवरचे सगळे एकदम कान टवकारायचे. मग पुन्हा खांदे सैल पडायचे. पालवांनी तो आवाज वीस वर्षं आतून ऐकला होता. बाहेर तो इतका अस्पष्ट येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बारा वाजले, एक वाजला. यशराच्या आईनं, हुस्नबानूंनी, म्हसळ्याहून डबाभर सांदणं पाठवली होती, ती चौघांनी खाल्ली. नीराबाईंनी दोन खाऊन तिसरं पदराच्या गाठीला बांधलं. "ठमीला," त्या म्हणाल्या. ठमी ही त्यांची सून.

"मावशी," किशोरीनं विचारलं, "या चौसष्ट तारखा तुमच्या लक्षात कशा राहिल्या? कुठं लिहून ठेवल्या होत्या?"

"मना कुटं लिवता येतं. मासळीवरनं राहतं ध्यानात. ही तारीक मांदेली आली तवाची, ही जवला निघाला तवाची. बोंबलाच्या दिसांत तर हमखास."

"आणि जैसे थे झालं तेव्हा? काय वाटलं?"

"काय वाटनार? वकील म्हनला, मावशी, चांगला हुकूम हाय. जागा त्याला न्हाय, तुला न्हाय. हाय तशी ठेवायची."

"मग तुमचं नुकसान नाही झालं," किशोरी म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. "म्हणजे, जागा तर तुमच्याकडेच होती. तुम्ही आधीपासून तिथं बोंबील सुकवत होता. आहे तशी म्हणजे सुकवत राहायचं."

नीराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, हुकूम कवा झाला तुला म्हाइत हाय? नारली पुनवेच्या चार दिस आधी."

किशोरीला कळलं नाही. पालव मात्र हातातला ग्लास तसाच धरून थांबले.

"पावसात वलांड्या कोन ठेवतो?" नीराबाई म्हणाल्या. बोटांनी हवेत बांबू उभे केल्यासारखं करत त्यांनी समजावलं. वलांड्या म्हणजे उभे-आडवे बांबू आणि त्यांच्यामधल्या दोऱ्या, ज्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात. पाऊस आला की बांबू सोडून घरात आणायचे, नाहीतर कुजतात. पाऊस गेला की पुन्हा उभारायचे. "कोर्टानं जागा बघायला वकील धाडला. भर पावसात आला, छत्री घेऊन. त्यानं लिवलं, जागा मोकळी हाय. मंग हाय तशी म्हंजे कशी? मोकळी. बोंबील आला, आमी बांबू काडले, तर तो मुंबईवाला पोलिसांना घेऊन हजर. हातात हुकूम. म्हनला, जागा मोकळी ठेवा, साहेबांनी सांगितलंय."

"मग तुम्ही कोर्टाला सांगितलं नाहीत?" किशोरीचा आवाज चढला.

"सांगितलं की. अर्ज दिला वकिलानं. त्या अर्जाला तारीक पडली."

"सहा तारखा पडल्या त्या अर्जाला," पालव म्हणाले. ते ग्लासकडे बघत बोलत होते. "सातव्या तारखेला मी लिहिलं की हा अर्ज मूळ दाव्याबरोबरच ऐकू."

नीराबाई काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. टपरीवाल्यानं स्टोव्हला पंप मारला, त्याचा आवाज झाला.

"तवा मिश्या होत्या तुमाला," त्या म्हणाल्या.

"होत्या."

"मी म्हनलं, सकाळपासनं हा मानूस वळखीचा का वाटतो."

यशराला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं. त्याऐवजी तिनं सांदणांचा रिकामा डबा पिशवीत भरला.

"तुमी भले होता," नीराबाई म्हणाल्या. "कवा कुनावर खेकसला न्हाय. मी हुभी दिसले की बसा म्हनायचा. वकील काय बी कारन सांगू दे, बरं म्हनायचा. मानसं म्हनायची, साहेब देवमानूस."

"तुम्हाला राग नाही आला?" पालवांनी विचारलं.

"आला की. तीन वर्सं होता. मंग तुमी बदलून गेला, दुसरा साहेब आला, तिसरा आला. राग काडायचा कुनावर?" त्यांनी गुडघ्याचा पट्टा जरा सैल केला. "साहेब, खरं सांगू? तुमी मना पैल्या वर्साला हरवलं असतं ना, तर बरं झालं असतं. खाडीपल्याड माज्या भावाची जागा होती. तो बोलवत होता. तिथं वलांड्या घातल्या असत्या, पोराला हाताशी घेतलं असतं. पन निकाल लागंल, आपली जागा हाय, सोडून कसं जायाचं, असं म्हनत ऱ्हायलो. पोरगा बोटीवर खलाशी म्हनून गेला. भावानं जागा दुसऱ्याला दिली. मंग मी जिंकले."

पालवांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या गावी समुद्र नव्हता. बाजाराच्या दिवशी टोपलीतून यायचा तेवढाच. पण सुका बोंबील पावसात खायचा असतो आणि उन्हात करायचा असतो, हे मला माहीत होतं, मावशी. घरी आई बेगमी करायची. माहीत असून मी विचारलं नाही. त्याबद्दल तुमची माफी मागतो."

नीराबाई गोंधळल्या. साहेबानं माफी मागितल्यावर काय म्हणायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "चा सांगा अजून एकेक," त्या शेवटी म्हणाल्या.

चारला दहा कमी असताना यशरानं पाकीट उघडलं. आत एकच ओळ होती. *साहेब रजेवर. पुढील तारीख दोन महिन्यांनी.* ही ओळ नीराबाईंच्याच रोजनाम्यातून उचललेली होती. किशोरीनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी?" मग तिला आठवलं, गेल्याच आठवड्यात तिच्या रजेच्या दिवशी तिच्या बोर्डावरच्या सत्तर जणांना हेच सांगितलं गेलं होतं.

परतीच्या गाडीत नीराबाई आणि पालव शेजारी बसले. यशरा मागच्या बाकावरून बघत होती. ते जवळपास सगळा वेळ मासळीबद्दलच बोलत होते. कोणत्या महिन्यात काय येतं, कुठं सुकवतात, किती दिवस लागतात, ढग आले तर काय करतात. पालव विचारत होते, नीराबाई सांगत होत्या, आणि दर थोड्या वेळानं त्या त्यांची चूक दुरुस्त करत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या जोड्यांनी आपापला अनुभव सांगायचा होता. यशरानं त्यासाठी आकडे काढून ठेवले होते, किती तास, किती गाड्या, किती बुडालेली मजुरी. पालवांची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्याकडून खडू मागून घेतला आणि फळ्यावर ओळीनं मराठी बारा महिने लिहिले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. मग श्रावणाखाली एक रेघ मारली.

"इथं मी हुकूम दिला," ते म्हणाले. आणि त्यांनी काहीही न वगळता सगळं सांगितलं. सहा तारखा, सातवी तारीख, पोलीस, भावाची जागा.

"पण सर," एकानं विचारलं, "पाहणीला पाठवलेल्या कमिशनरचा अहवाल तर खरा होता. जागा मोकळीच होती. त्यात तुमची चूक कुठं?"

"अहवाल खरा होता. माझा प्रश्न चुकला. जागा कशी आहे, हे मी विचारलं. जागेवर वर्षभर काय चालतं, हे विचारलं नाही." ते यशराकडे वळले. "मॅडम, आता तुमचं शास्त्र सांगा. मला एक कळत नाहीये. तो खरेदीदार शेवटी हरला. मग अकरा वर्षं त्यानं घाई का नाही केली? दर वेळी तहकुबीचा अर्ज त्याचाच असायचा."

यशरा फळ्याजवळ आली. याच प्रश्नासाठी ती तीन वर्षं हा वर्ग घेत होती, आणि आजवर तो तिला स्वतःच विचारावा लागत होता.

"कारण थांबण्यात त्याचा तोटा नव्हता सर. त्या अकरा वर्षांत तिकडं रस्ता झाला, पलीकडे हॉटेलं आली. त्याच्या शेजारच्या जमिनीचा भाव चढत गेला. समोर वलांड्या नाहीत, वास नाही, माशा नाहीत. जागा मोकळी राहणं हेच त्याला हवं होतं, आणि ते त्याला हुकमानंच मिळालं होतं. दावा जिंकण्याची त्याला गरज नव्हती, तो फक्त संपू द्यायचा नव्हता. नीराबाईंचा मात्र दर वर्षी एक हंगाम जात होता. गेलेला हंगाम परत येत नाही. थांबायची ताकद दोघांत सारखी नसेल, तर दोघांना थांबा म्हणणं हा एकाच्या बाजूचा हुकूम होतो. पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत, ती मी संध्याकाळी देईन."

"म्हणजे काय, आम्ही आता पंचांग घेऊन बसायचं?" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"बसायचं," पालव म्हणाले.

त्या दिवशी जेवणाची घंटा होऊन गेली तरी हॉलमधून कुणी उठलं नाही. किशोरीनं स्वतःच्या सत्तर प्रकरणांची गोष्ट पुन्हा काढली, पण या वेळी वेगळ्या तऱ्हेनं. सत्तर ऐकणं जमणार नाही. पण ज्यांना थांबणं परवडत नाही अशी दहा आधी कशी काढायची? भातलावणी, हापूसचा मोसम, बोटी बंद असलेले महिने, शाळांचे प्रवेश. फळ्यावरच्या बारा महिन्यांखाली ज्याच्या त्याच्या जिल्ह्यातली कामं लिहिली जाऊ लागली. ऊसतोड, तेंदूपानं, कांदा. यशरानं संध्याकाळसाठी ठेवलेली मोठी नावं त्या दिवशी द्यायची राहूनच गेली.

वर्ग संपला, सगळे आपापल्या गावी गेले. यशरानं नंतर फार अपेक्षा ठेवली नव्हती. पाच दिवसांत माणसं हलतात आणि सहाव्या दिवशी बोर्डावर सत्तर प्रकरणं असतातच, हे ती जाणून होती.

ऑगस्टमध्ये पालवांचा फोन आला.

"मॅडम, एक हुकूम पाठवलाय, वाचा. वीटभट्टीच्या जागेचा वाद आहे. एकोणीस दिवसांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज निकाली काढला. पहिल्या पानावर दोन्ही पक्षांचे बारा महिने लिहिलेत."

यशरानं तो वाचला. स्वच्छ लिहिलेला हुकूम होता, आणि त्यात भट्टीवाल्याच्या विरुद्ध निर्णय दिला होता. तिनं परत फोन केला आणि मोकळेपणानं कौतुक केलं.

"थांबा, अजून आहे," पालव म्हणाले. "वर अपिलात माझा निर्णय अर्धा बदलला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. पण ते असू दे. सव्वादोन महिन्यांत सगळं संपलं. पाऊस उघडायच्या आत. भट्टीवाला परवा शिपायाला सांगत होता, दुसरी जागा बघितली म्हणून. हरला तरी बरा दिसत होता म्हणे."

"तुम्हाला वाईट वाटलं? निर्णय बदलला त्याचं?"

"थोडं वाटलं," ते म्हणाले. "पण पूर्वी माझे हुकूम कधी बदलले जात नसत, याचा मला अभिमान होता. आता कळतंय, त्यातल्या बऱ्याच हुकमांत बदलण्यासारखं काही नसायचंच."

पुढच्या जानेवारीत किहीमला नवे चोवीस न्यायाधीश आले. तिसऱ्या दिवशीचा तास यशरानं पालवांना दिला होता, आणि पालवांनी तो परस्पर नीराबाईंना देऊन टाकला होता. नीराबाई हॉलमध्ये आल्या त्या ठमीला घेऊन. ठमीनं त्या जागेवर यंदा पहिल्यांदा चार वलांड्या घातल्या होत्या. सासूबाईंच्या काळात तीस असायच्या, हे तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि पुढच्या वर्षी दहा होतील हेही.

एका नव्या न्यायाधीशानं हात वर केला. त्यानं अभ्यास करून आणला होता. "नीराबाई, समजा कोर्टानं जागेची पाहणी करायला ऑक्टोबरमध्ये माणूस पाठवला असता, तर सगळं नीट झालं असतं ना?"

नीराबाईंनी डोकं हलवलं. "आक्टोबरात कवा? पंदरा तारकेच्या आदी की मागनं?"

तो न्यायाधीश वहीत बघू लागला. नीराबाईंनी पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली आणि सुरुवातीपासून सांगायला बसल्या. शेवटच्या रांगेत यशरानं आपलं टिपण मिटून पर्समध्ये ठेवलं आणि नवं पान काढलं. ऑक्टोबरचं तिलाही लिहून घ्यायचं होतं.